सुई कोणासाठी?

साबरमती आश्रमातले एक वासरू १९२८ साली जायबंदी होऊन पडले. औषधपाणी केले, शुश्रूषा केली. पण ज्याचा सल्ला घेतला त्या वैद्याने आशा सोडली. कूस बदलायची म्हटली तरी त्या जिवाला कळा सोसवत नव्हत्या. आश्रमात चर्चा झाली. शेजारच्या एका सज्जन गृहस्थांनी कडाडून विरोध केला: जो जीव आपण निर्माण करू शकत नाही, तो घेण्याचा आपल्याला अधिकार काय? गांधीजींनी दिलेले उत्तर थोडक्यात असे, की हा आक्षेप स्वार्थासाठी जीव घेणाऱ्याला लागू पडेल, इथे तो गैरलागू आहे. शेवटी त्यांनी डॉक्टरांना बोलावून स्वतःसमोर त्या वासराला विषारी इंजेक्शन द्यायला लावले. दोन मिनिटांच्या आत सगळे आटोपले.

ही गोष्ट आश्रमाच्या कुंपणाआड राहू शकली असती. पण गांधीजींनी ती ३० सप्टेंबर १९२८ च्या ‘नवजीवन’मध्ये स्वतःच छापली, पाठोपाठ ‘यंग इंडिया’त आणली आणि पत्रांचा भडिमार ओढवून घेतला. अहिंसेचा उपदेश करणारा माणूस गाईचे वासरू मारतो म्हणजे काय? काही पत्रे पोटतिडकीची होती, काही सभ्यपणाची वेस ओलांडणारी. उत्तरे देण्यात पुढचे कित्येक आठवडे गेले.

त्यानंतर आठ वर्षांनी हाच माणूस वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आला. त्या गावाचे पुढे सेवाग्राम झाले. आज तिथे येणारा प्रवासी बापूकुटीतली बैठक पाहतो, टेलिफोन पाहतो, कंदील पाहतो. साबरमतीच्या त्या वासराची आठवण तिथे कोणी काढत नाही. काढायला हवी, कारण अंतकाळ जवळ आलेले जनावर घरात आहे आणि काय करावे कळत नाही, हा पेच वर्धा जिल्ह्यात आता गोठ्यापुरता उरलेला नाही. रामनगरच्या बंगल्यात, सावंगीच्या फ्लॅटमध्ये, हिंगणघाटच्या चाळीत कुत्री-मांजरे माणसांबरोबर म्हातारी होत आहेत. लसी मिळतात, चांगले खाणे मिळते, म्हणून ती पूर्वीपेक्षा जास्त जगतात. जास्त जगतात, म्हणून त्यांना मूत्रपिंडाचे विकार होतात, गाठी होतात, मोतीबिंदू होतो, मागचे पाय जातात. गल्लीतला कुत्रा एके दिवशी दिसेनासा व्हायचा आणि विषय संपायचा. सोफ्यावरचा कुत्रा दिसेनासा होत नाही. तो समोर झिजतो.

मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘लय त्रास होऊन राह्यला जी त्याले, सुई देऊन टाका.’ दुसरा म्हणतो, ‘पाप आहे, देवाच्या मनात असंल तवा जाईन.’ डॉक्टर मधल्यामध्ये सापडतो. या तिघांनाही उपयोगी पडेल असे काही त्या १९२८ च्या वादात आहे आणि ते मारावे की मारू नये या प्रश्नापेक्षा नेमके आहे. गांधीजींचा प्रश्न होता: हे कोणासाठी? त्याच लेखाच्या पुढच्या भागात त्यांनी आश्रमाच्या पिकाची नासाडी करणाऱ्या माकडांचा विषय घेतला आणि दोन्हींत फरक केला. वासराला मारले ते वासराच्या वेदनेसाठी. माकडांना मारले, तर ते आपल्या पिकासाठी असेल आणि म्हणून ती हिंसाच ठरेल. इंजेक्शन दोन्हीकडे एकच असेल, पण हिशेब वेगळा. आजच्या घरगुती पेचात हीच कसोटी लावली पाहिजे, आणि ती सुई देणाऱ्याला जेवढी लागू आहे तेवढीच सुई टाळणाऱ्यालाही. हे दुसरे लोकांच्या सहसा लक्षात येत नाही.

टीकाकारांना उत्तरे देता देता गांधीजींनी चार अटी घातल्या. रोग असाध्य असावा. संबंधित सगळ्यांनीच आशा सोडलेली असावी. कोणत्याही मदतीचा किंवा सेवेचा उपयोग उरलेला नसावा. आणि त्या जिवाला स्वतःची इच्छा सांगणे अशक्य असावे. यातली एकही अट अपुरी असेल, तर अहिंसेच्या दृष्टीने जीव घेणे समर्थनीय नाही. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीची ही यादी आजच्या पशुवैद्यकाच्या टेबलावर ठेवली, तरी जुनी वाटत नाही.

पहिली अट सगळ्यांत जास्त मोडली जाते. भयंकर दिसणारा प्रत्येक आजार असाध्य नसतो. पार्व्होने आडवे पडलेले, रक्ताचे जुलाब करणारे पिल्लू पाहून घरचे म्हणतात, आता राहत नाही. उपचार नसतील, तर बहुतेक पिल्ले जातातच. पण वेळेवर सलाईन लागले, उलट्या थांबवल्या, जंतुसंसर्ग आवरला, तर बरीच वाचतात. गल्लीतल्या कुत्र्यांमध्ये जननेंद्रियावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी रक्ताळलेली गाठ दिसते. माणसे तोंड फिरवतात, कोणी म्हणते मारून टाका. तो संसर्गाने पसरणारा कर्करोग आहे खरा, पण विन्क्रिस्टीन नावाच्या औषधाची आठवड्याला एक अशी काही इंजेक्शने दिली, की बहुतेक कुत्री त्यातून पूर्ण बरी होतात. बैलाच्या शिंगाच्या कर्करोगात वेळेत शस्त्रक्रिया झाली, तर बैल कामालाही लागतो. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा अंगभर गाठी आलेली जनावरे पाहून गावेच्या गावे हादरली होती, पण त्या साथीत लागण झालेली बहुसंख्य जनावरे बरी झाली. उलट रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की जगात कुठेही उपचार नाही. तिथे वाट पाहणे म्हणजे त्या कुत्र्याला यातनांत ठेवणे आणि घराला धोक्यात ठेवणे.

म्हणून आजाराचे नाव कळण्याआधी शेवटाची भाषा करू नये. रक्ततपासणी, एक्स-रे, गरज पडली तर सोनोग्राफी. वर्ध्याहून नागपूर पाऊणशे किलोमीटर. तिथे पशुवैद्यक महाविद्यालय आहे, महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही आहे. आष्टी-कारंज्याकडच्या माणसाला हे अंतर, गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी धरून आणखी लांब पडते. ज्याला ते परवडत नाही त्याने निदान तालुक्याच्या दवाखान्यातल्या पशुधन विकास अधिकाऱ्याला स्पष्ट विचारावे: हे बरे होणारे आहे का? बरे होणारे नसेल, तर किती दिवस आणि कसे दिवस? या प्रश्नाला पुष्कळदा गुळमुळीत उत्तर मिळते. ‘बघू, औषध देऊन पाहू.’ डॉक्टरांचा यात वाईट हेतू नसतो. खरे सांगितले तर मालक चिडेल, रडेल, किंवा डॉक्टरच बदलेल, ही भीती असते. पण मुक्या रुग्णाच्या वतीने बोलणारे तिथे दुसरे कोणी नाही. गुळमुळीत उत्तराची किंमत जनावर मोजते.

दुसऱ्या अटीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. घरातल्या सगळ्यांना विचारा, पोरांनाही, आजीलाही. एकाने सकाळी गुपचूप उरकून टाकले आणि बाकीच्यांना संध्याकाळी कळले, तर तो राग त्या घरात वर्षानुवर्षे मुरतो.

तिसरी अट मात्र वर्धेकरांनी जास्त जवळून ओळखायला हवी, कारण तिचे प्रात्यक्षिक याच मातीत झाले आहे. कुष्ठरोगाने खंगलेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि ते स्वतःच्या हातांनी त्यांना मालीश करत. मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठधाम उभे केले. त्या काळात रोग बरा करणारे औषध नव्हते, सेवा होती. वासराला इंजेक्शन द्यायला लावणारा आणि परचुरेशास्त्रींच्या जखमा धुणारा माणूस एकच आहे, हे विसरले की वासराची गोष्ट निव्वळ धक्कादायक किस्सा होऊन बसते. आधी सेवा, आणि सेवेचा उपयोग संपला तर मग पुढचा विचार, असा तो क्रम आहे.

घरातल्या आजारी जनावराची सेवा म्हणजे नेमके काय, हे कोणी नीट सांगत नाही. म्हातारा कुत्रा एका कुशीवर पडून राहिला, तर दर दोन-तीन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर हाडाच्या उंचवट्यावर जखमा होतात. खाली जाड गादी, वर धुता येईल असे कापड. लघवीने भिजलेले अंग कोमट पाण्याने पुसून कोरडे करायचे. उन्हाळ्यात जखमेवर माशी बसली, की दोन दिवसांत किडे पडतात, आणि वर्ध्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. कूलरसमोरची जागा त्याला द्यायची. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या मांजराला कातडीखाली सलाईन घरीच देता येते. डॉक्टर एकदा दाखवतात, मग हात बसतो. आणि वेदनाशामक. इथे एक इशारा द्यायलाच हवा. घरातल्या डब्यातली माणसांची गोळी कधीही देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या पोटात व्रण पाडते आणि मूत्रपिंडे बिघडवते. कळवळ्याने दिलेल्या अशा गोळ्यांमुळे मेलेल्या जनावरांची नोंद कुठे होत नाही, एवढेच.

वेदना ओळखणेही शिकावे लागते. जनावर ओरडत नाही म्हणजे दुखत नाही, असे नसते. कुत्रा रात्रभर जागा बदलत राहतो, उगाच धापा टाकतो, एकच जागा चाटत बसतो. मांजर पलंगाखाली जाऊन बसते आणि अंग चाटणे सोडते. बैल दात खातो, रवंथ थांबवतो. अमेरिकेतल्या पशुकर्करोगतज्ज्ञ अॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये घरच्यांसाठी एक मोजपट्टी तयार केली: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात बाबींना प्रत्येकी दहापैकी गुण. सत्तरपैकी पस्तिसाच्या वर बेरीज असेल, तर सेवा चालू ठेवावी. आकड्यांनी असा प्रश्न सुटतो का, ही शंका रास्त आहे. पण या पट्टीचा खरा फायदा वेगळाच आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज ‘चांगला’ किंवा ‘वाईट’ एवढे जरी लिहिले, तरी तीन आठवड्यांनी कॅलेंडर खरे बोलते. मन बोलत नाही. मनाला काल खाल्लेली अर्धी पोळी आठवते, त्याआधीचे उपाशी चार दिवस आठवत नाहीत.

चौथी अट सगळ्यांत खोल आहे. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारच्या धाम नदीकाठच्या आश्रमात विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. सत्त्याऐंशी वर्षांच्या विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध नाकारले. डॉक्टरांनी विनवले, देशाच्या पंतप्रधान भेटून गेल्या, विनोबा बधले नाहीत. १५ नोव्हेंबरला त्यांनी देह ठेवला. त्यावर वाद झाले, पण निर्णय त्यांचा होता आणि त्यांनी तो स्पष्ट कळवला होता. माणसाच्या बाबतीत आता सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ च्या निकालात अशी इच्छा आधी लिहून ठेवण्याची वाट मोकळी केली आहे. कुत्रा काही लिहून ठेवत नाही. त्याने खाणे सोडले, म्हणजे त्याला मरायचे आहे असा अर्थ कोणी काढतो. औषध लागू पडले की तोच कुत्रा ताटलीकडे धावतो. त्याची इच्छा आपल्याला कळत नाही, कळते ती फक्त वेदना. म्हणून मालकाला त्याच्या वतीने ठरवावे लागते, आणि ज्याला दुसऱ्याच्या वतीने ठरवायचे असते त्याने स्वतःचा स्वार्थ तपासायचा असतो.

स्वार्थाचे ढोबळ रूप ओळखायला सोपे आहे. मुलगा परदेशी निघाला, बदली झाली, घर बदलले, कुत्रा म्हातारा झाला, घाण करतो, म्हणून ‘काहीतरी करा डॉक्टर’. अशा वेळी नाही म्हणणाऱ्या डॉक्टरांना सलाम. दुसरे रूप, रस्त्यावर सोडून देणे. कारमधून आणून दुसऱ्या गावच्या वेशीवर उतरवलेला, गळ्यात पट्ट्याची खूण असलेला म्हातारा कुत्रा वर्ध्याच्या आसपास कोणी पाहिला नसेल असे नाही. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड? कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त पन्नास रुपये. बजाज चौकात दोघांचा चहा-नाश्ता त्यापेक्षा महाग पडतो. जनावर गोशाळेच्या दारात बांधून निघून जाणे हाही त्यातलाच प्रकार. जमनालाल बजाजांनी १९४१ मध्ये गोसेवेचे काम अंगावर घेतले, ते गोपुरीत झोपडी बांधून राहिले, तेव्हा त्यांच्यासमोर गाईला सांभाळणारा शेतकरी होता. गाय टाकून देणाऱ्याची सोय म्हणून गोशाळा चालवणे, हे त्यांचे स्वप्न खास नव्हते.

सूक्ष्म रूप मात्र प्रेमाच्या वेशात येते. लेक दिवाळीला पुण्याहून येणार आहे, तोवर त्याला जगवा. दुसऱ्या डॉक्टरकडे नेऊ, तिसऱ्याकडे नेऊ, आणखी एक सलाईन लावू. ‘आम्ही काहीच बाकी ठेवले नाही’ असे पुढे सांगता यावे, यासाठी कित्येकदा जनावराला शेवटचे पंधरा दिवस पिंजऱ्यात, सुयांच्या पहाऱ्यात काढावे लागतात. आणि सगळ्यांत सोज्वळ रूप: ‘हे पाप माझ्या हातून नको.’ ज्याची श्रद्धा तशी आहे त्याला हिणवण्याचे कारण नाही. जैन घरांत, वारकरी घरांत हा भाव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. पण मग तिसरी अट पूर्ण पाळावी लागते. निर्णय घेणार नाही आणि रात्री उठून कूसही बदलणार नाही, वेदनाशामकही आणणार नाही, तर तो नैसर्गिक मृत्यू राहत नाही. साबरमतीच्या त्या वासराचीही आधी औषधपाणी, शुश्रूषा झाली होती.  विरोधाचा हक्क अशा सेवेतूनच मिळवावा लागतो.

पैशाचे काय? तेही बोलले पाहिजे. कापसाला भाव नाही, मुलीची फी भरायची आहे आणि कुत्र्याच्या केमोथेरपीचा खर्च समोर आहे, अशा घराने उपचार थांबवले, तर त्याला निर्दयी म्हणायचा अधिकार कोणाला नाही. मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचे अद्ययावत रुग्णालय जुलै २०२४ मध्ये सुरू झाले. समुद्रपूरच्या माणसासाठी ते चंद्रावर आहे. न परवडणारा आजार हा त्याच्यापुरता असाध्यच. एवढेच, की पैसा संपला म्हणून वेदनाशामक थांबू नये. ते महाग नसते. आणि सरकारी दवाखान्याचे दार, १९६२ या क्रमांकावर येणारे फिरते पशुवैद्यकीय पथक, पिपरी मेघेला पीपल फॉर अॅनिमल्सचा करुणाश्रम, ही ठिकाणे ठोठावून पाहावीत.

निर्णय झालाच, तर पुढे काय होते, याची माहिती नसल्याने माणसे उगाच घाबरतात. चांगली पद्धत अशी, की आधी गुंगीचे इंजेक्शन देतात. जनावर काही मिनिटांत झोपते. त्यानंतर शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस जातो. श्वास थांबतो, मग हृदय. डोळे उघडेच राहतात. एखादा खोल उसासा येतो, स्नायू थरथरतात, लघवी होते. हे पाहून ‘त्याला कळत होतं’ असे वाटते, तसे नसते. हृदयाचे ठोके थांबल्याची खात्री डॉक्टरने स्टेथोस्कोपने करायची असते. भटक्या कुत्र्यांसाठीच्या नियमांतही ते स्पष्ट आहे: असाध्य आजारी किंवा मरणासन्न जखमी कुत्र्यालाच, पात्र पशुवैद्याच्या हातून, दुसऱ्या कुत्र्यासमोर नव्हे, आणि मृत्यूची खात्री केल्याशिवाय विल्हेवाट नाही. घरच्या कुत्र्यासाठी यापेक्षा कमी मागायचे कारण नाही. गुंगी न देता थेट काहीतरी टोचणाऱ्याला दारातून परत पाठवावे. जमत असेल, तर हे घरीच करावे, त्याच्या नेहमीच्या चादरीवर. मालकाने तिथे थांबावे. नाहीच पाहवत असेल, तर घरातले दुसरे कोणी तरी ओळखीचे माणूस जवळ असावे. गोवंशाचा कायदा महाराष्ट्रात कडक आहे. गोठ्यातल्या जनावराबाबत शेतकऱ्याने स्वतः काही ठरवू नये, पशुधन विकास अधिकाऱ्याला बोलावून लेखी मत घ्यावे.

मग उरतो देह. शेतकऱ्याला धुरा असतो, बांधावरचे लिंबाचे झाड असते. शहरात काय? तिसऱ्या मजल्यावर राहणारा माणूस अठ्ठावीस किलोचा लॅब्रॅडॉर चादरीत गुंडाळून कुठे नेणार? रात्री गुपचूप नाल्याकाठी, किंवा घंटागाडीत. मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला लहान प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दहनभट्टी सुरू केली. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव या नगरपरिषदांकडून भट्टीची अपेक्षा नाही. कुंपण घातलेली थोडी जागा आणि खड्डा खणणारा एक माणूस पुरे. हा नुसता भावनेचा मामला नाही. विहीर-नाल्यापासून लांब, चार-पाच फूट खोल पुरले नाही, तर पहिल्या पावसात कुत्री उकरतात, आणि भुलीच्या औषधाने भरलेला तो देह खाणारा प्राणीही मरू शकतो. जनावराच्या शेवटच्या दिवसांतले औषध कुठवर पोचते, याचा धडा देशाने एकदा घेतला आहे. आजारी ढोरांना दिलेले डायक्लोफेनॅक, मेल्यावर उघड्यावर टाकलेल्या त्यांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले. गिधाडांच्या काही जाती नव्वद टक्क्यांहून जास्त घटल्या. जनावरांसाठी ते औषध बंद व्हायला २००६ उजाडले.

दुःखाबद्दल मराठी माणूस अवघडतो. बैल मेला तर गाव समजून घेते. पोळ्याच्या आदल्या दिवशी ज्याची खांदेमळणी केली, सिंदी रेल्वेच्या तान्ह्या पोळ्यात ज्याचे लाकडी रूप पोरांनी मिरवले, तो घरातलाच. वर्ध्याच्या पांढऱ्याशुभ्र गवळाऊ बैलाची जोडी फुटली, की शेतकरी दोन दिवस जेवत नाही आणि त्याला कोणी हसत नाही. बैलाची तेरवी केल्याच्या बातम्या विदर्भातून अधूनमधून येतात. लम्पीत मेलेल्या गाईला तीस हजार, बैलाला पंचवीस हजार, वासराला सोळा हजार अशी मदत सरकारने दिली, म्हणजे नुकसान तरी मान्य केले. मांजर मेल्यावर मात्र, ‘मांजरच होतं ना, दुसरं आणा.’ हे परदेशी लाड आहेत, असेही ऐकू येते. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांना वाचवले, अशी कथा सांगतात. अठराव्या शतकातल्या मराठी राजाला कुत्र्याची समाधी बांधताना लाज वाटली नाही.

समाज ज्या दुःखाला जागा देत नाही त्यावर अमेरिकेतले अभ्यासक केनेथ डोका १९८९ पासून लिहीत आले आहेत, आणि पाळीव प्राण्याचा मृत्यू हे त्यात ठळक उदाहरण आहे. असे दुःख जास्त दिवस टिकते, कारण ते कोणाला सांगता येत नाही. २०१८ मध्ये कुत्रा आजारी म्हणून रतन टाटांनी लंडनच्या राजवाड्यातला सन्मानसोहळा ऐन वेळी टाळल्याची हकीगत सुहेल सेठ यांनी सांगितली, ती लोकांनी कौतुकाने एकमेकांना पाठवली. जिल्हा परिषदेतला कारकून त्याच कारणासाठी अर्ध्या दिवसाची रजा मागतो, तेव्हा अर्जात ‘घरगुती काम’ लिहितो. खरे कारण लिहिले, तर संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर त्याची टवाळी होईल, हे त्याला माहीत असते.

सर्वांत अवघड असते ते सुई देण्याचे ठरवलेल्याचे दुःख. ‘घाई तर नाही केली?’ किंवा ‘उशीर तर नाही केला?’ यांतला एक प्रश्न त्याच्या वाट्याला येतोच. ज्या घरात रोजची नोंद ठेवलेली असते, डॉक्टरने निदान आणि मत कागदावर लिहून दिलेले असते, तिथे हा प्रश्न थोडा लवकर शमतो. म्हणून तो कागद मागून घ्यावा, आणि डॉक्टरांनी न मागता द्यावा. मुलांना ‘तो गावी गेला’ असे सांगू नये. मुले वाट पाहत राहतात, आणि खरे कळले की आईबापांवरचा विश्वास जातो. सहा वर्षांच्या मुलाला ‘त्याचे शरीर बंद पडले, तो परत येणार नाही’ हे कळते. ‘झोपवले’ असे सांगितले, तर मूल रात्री स्वतः झोपायला घाबरते. घरात दुसरा कुत्रा असेल, तर त्याला मेलेल्या सोबत्याचा वास घेऊ द्यावा. बरीच जनावरे नंतर काही दिवस शोधत फिरतात, कमी खातात. त्यांचे फिरणे, जेवण वेळच्या वेळी ठेवावे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा कुत्रा गेला असेल, तर त्याच्या सकाळच्या फेरफटक्याचे कारणच गेलेले असते. शेजाऱ्यांनी पहिले दोन-तीन आठवडे त्या वेळेला त्याच्या दारावर हाक मारावी. नवे पिल्लू दुसऱ्याच दिवशी आणून त्याच्या मांडीवर ठेवू नये. कधी आणायचे, आणायचे की नाही, हे त्याचे त्याला ठरवू द्यावे.